खळ्यातला किल्ला

अनुपमाने खळं असं सारवलं होतं, की ताट न घेता त्यावरच भात वाढावा. हे तिचं स्वतःचं म्हणणं. घरात दुसरं कुणी तसं म्हणालं नाही. सासूबाईंनी ओटीवर बसल्या बसल्या मान वळवून बघितलं आणि "बरं झालंय" एवढंच म्हटलं. पण बनुबाईंच्या तोंडून 'बरं' निघणंही सोपं नव्हतं, म्हणून अनुपमाने तेवढ्यावर समाधान मानलं.

घरामागची ती भात झोडायची जागा पावसाळाभर गवताने माजलेली असते. दरवर्षी कापणीच्या तोंडावर ती खणायची, खडे वेचायचे, माती चाळायची, पाणी शिंपून भिजवायची आणि लाकडी चोपण्याने बडवून बडवून बसवायची. मग शेणाचा काला फिरवायचा, तो वाळला की पुन्हा एकदा. एखादा खडा राहिला तर तो भातात जातो, भातातून तांदळात आणि तांदळातून थेट सासऱ्यांच्या दाढेखाली, आणि मग येसाजीरावांचं तोंड वर्षभर चालू राहतं. तेव्हा अनुपमाने यंदा माती बारीक चाळणीतून काढली होती. वर ऑक्टोबरचं ऊन असं, की डोक्यावरचा पदर तापून कपाळाला चटका बसावा. तळहातांची सालटी निघाली होती.

आणि हे सगळं पोरं सांभाळून. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली म्हणतात, ती गुरुजींना लागते. आईची शाळा त्या दिवशी सुरू होते. ईश्वरी दुसरीतली, रायबा अजून अंगणवाडीतला, आणि दोघांना मिळून एकच शब्द चांगला येत होता: आई. आई, भूक लागली. आई, ह्याने मारलं. आई, शू. आई, मुंगळा बघ. अनुपमा न्हाणीत गेली, तरी दाराच्या फटीतून चार बोटं आत यायची आणि मागून विचारणा व्हायची, "आई, झालं का?"

म्हणूनच तिने सासूबाईंशी करार केला होता. तिचं माहेर हिरकणीवाडीला, रायगडाच्या पायथ्याशी. तिथे तिची आई काशीबाई गडावर येणाऱ्या लोकांसाठी झुणका-भाकरीचं दुकान चालवते. दिवाळीत पर्यटकांची गर्दी सुरू झाली की काशीबाईंना डोकं खाजवायला सवड नसते. "गर्दी व्हायच्या आधी ये," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मग मी तुझ्याशी बोलणार पण नाय." अनुपमाने ठरवलं, दोन दिवस जायचं. पोरांना इथे ठेवून, एकटीने. लग्न झाल्यापासून ती एकटी कुठे गेली नव्हती. तिला तिथे काही मिळवायचं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत आडवं व्हायचं होतं, कुणीतरी हातात दिलेला चहा गरम असताना प्यायचा होता, आणि दोन दिवस त्या एका हाकेला ओ द्यायची नव्हती.

"खळं तयार करून दे नि जा," बनुबाई म्हणाल्या होत्या. "झोडणीला सोमा नि त्याची बायको हायत. पोरांना आम्ही बघतो."

खळं तयार झालं. उद्या सकाळची एसटी धरायची, असं तिने मनाशी पक्कं केलं. पिशवीत दोन ड्रेससुद्धा भरून ठेवले.

फक्त आजचे भारे तेवढे आणायचे राहिले होते. सासरे आणि गडी सोमा पुढे शेतावर गेले. पोरं मागे लागली. पण कापून टाकलेल्या भाताखाली परवाच घोणस निघाली होती, आणि ओढ्याकडे जायचं नाव काढलं तर रायबा पाण्यात बसल्याशिवाय राहत नाही. अनुपमाने दोघांना खळ्याच्या मधोमध उभं केलं. वाळलेल्या खळ्याला पोरांच्या पायांनी काय होणार होतं?

"इथं खेळा. आजीच्या डोळ्यासमोर. खळ्याच्या बाहेर पाय टाकलात तर तंगडं तोडून हातात देईन. कळलं?"

"कळलं," ईश्वरी म्हणाली. ती पोरगी सांगितलेलं ऐकते, हा तिचा गुण सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

भारा डोक्यावर असला की माणसाला पायापुढची हातभर जमीनच दिसते. दुपारी अनुपमा तशीच खाली बघत, घामाने निथळत, घरामागे आली आणि सवयीने सरळ खळ्यात शिरली. दुसऱ्याच पावलाला तिचा पाय खाली गेला. भारा पुढे पडला, त्यावर ती पडली, आणि भाताच्या लोंब्या तिच्या कानात गेल्या.

"आई खंदकात पडली!" रायबाने टाळ्या वाजवल्या.

ती उठून बसली. समोर किल्ला होता.

लहानसहान नव्हे. ईश्वरीच्या कमरेपर्यंत आलेला, चारी बाजूंनी तट असलेला, वर जायला पायऱ्या, पायऱ्यांना माचिसच्या काड्यांचे कठडे. भोवती खंदक, त्यात घागरभर पाणी. एका कड्यावर काहीतरी पेरून वर ओलं फडकं अंथरलेलं. आणि हे सगळं उभं राहिलं होतं ते खळ्याच्या ऐन मध्यावर, खळं खणून, तिच्या चाळलेल्या, भिजवलेल्या, बडवलेल्या मातीचं. शेणाचे पापुद्रे खवल्यांसारखे बाजूला रचून ठेवलेले. त्यांचा म्हणे बालेकिल्ला होणार होता.

"हे काय केलंत?" अनुपमाला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

"रायगड," ईश्वरी म्हणाली. तिच्या भुवयांपर्यंत चिखल होता. "आई, माती एकदम मस्त हाय गो. एक खडा नाय."

अनुपमाचा हात उठला आणि पोरीच्या पाठीत बसला. रडायला लागला तो रायबा. ईश्वरी रडली नाही. तिला आधी हे समजायला हवं होतं की चुकलं काय.

"तूच बोललीस, खळ्याच्या बाहेर जायचं नाय," ती म्हणाली. "मग कुठं करणार? आम्ही एकदा पण बाहेर नाय गेलो. आजीला विचार."

आजी ओटीवरच होत्या. तिथून खळं असं दिसतं, की चिमणी उतरली तरी कळावं. अनुपमाने विचारलं, तुम्ही बघत नव्हतात का?

"बघत व्हते की," बनुबाई म्हणाल्या. "शांत खेळत व्हती. शांत बसलेल्या पोरांना कोण हाक मारतं गो?"

"आजीने आळीव पण दिलं पेरायला," रायबा रडता रडता म्हणाला. बनुबाईंनी तोंड फिरवून मिश्रीची डबी उघडली.

तेवढ्यात सासरे आले. येसाजीरावांनी डोक्यावरचा भारा उतरवला, कमरेवर हात ठेवले आणि किल्ल्याला एक फेरी मारली. अनुपमाला वाटलं, आता हे तोंड सोडतील. तांदळातल्या एका खड्यावरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस. पण म्हातारा उकिडवा बसला आणि बोटाने तट चाचपू लागला.

"ह्यो महादरवाजा काय? बरोबर हाय. ही बाजारपेठ. पण टकमक चुकला गो इशू. तो ह्या अंगाला पायजे." आणि त्यांनी खळ्याची आणखी दोन मुठी माती उकरून टकमक टोक जागेवर आणलं.

अनुपमाने गोठ्यातून फावडं आणलं. "बाबा, जरा सरका."

"काय करतेस?"

"सपाट करते. आत्ता भिजवलं तर आजच्या आज चोपून होईल. उद्या मला जायचंय."

येसाजीराव उठलेच नाहीत. तिथे बसूनच त्यांनी वर बघितलं. "किल्ला मोडतेस?" त्यांनी असं विचारलं, जसं काही ती घराला काडी लावायला निघाली होती. "आपल्या उमरठच्या खोऱ्यातल्या माणसानं दिवाळीचा किल्ला मोडल्याचं कुणी ऐकलंय? ठेव ते फावडं."

ती रायगडाच्या पायथ्याशी जन्मलेली, गडाच्या सावलीत लहानाची मोठी झालेली, आणि तिला किल्ल्याचं प्रेम हे शिकवणार. हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि नेहमीसारखं मागे गेलं. फावडं मात्र तिने ठेवलं नाही. नवरा येऊ दे, मग बघू, म्हणून ती तशीच उभी राहिली. यशराज महाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो आणि दुपारी मोटारसायकलवरून परत येतो. खळ्यासाठी बायकोचे हात कसे सोलले गेलेत ते त्याने पाहिलं होतं. निदान तो तरी समजून घेईल.

यशराज आला तो हातात खोकं घेऊन. ईश्वरीने आजीच्या मोबाइलवरून त्याला किल्ला केव्हाच दाखवला होता, आणि त्याने महाडच्या बाजारात थांबून सिंहासनावर बसलेले महाराज आणले होते. शिवाय डझनभर मावळे आणि एक तोफ. अनुपमा बोलायला तोंड उघडते न उघडते तोच बापलेकींनी महाराजांना सदरेवर बसवलं. येसाजीरावांनी हळद-कुंकू मागवलं. सासूबाई, ज्यांचे गुडघे खळं चोपायच्या वेळी दुखत होते, त्या टुणकन उठून निरांजन घेऊन आल्या. रायबा सगळ्यांच्या मध्ये उभा राहून "जय" ओरडला. झालं. महाराज बसले. आता त्या ढिगाऱ्याला फावडं लावेल अशी कुणाची छाती होती?

अनुपमाने फावडं गोठ्यात नेऊन ठेवलं.

मग फोटो निघाले. यशराजने चारी बाजूंनी काढले, स्टेटसला ठेवले, वर भगवा झेंडा आणि खाली 'आमच्या चिमुकल्यांचा रायगड'. मुंबईची चुलत सासू, पुण्याचा दीर, कंपनीतले मित्र, सगळ्यांचे अंगठे आणि हृदयं धडाधड येऊ लागली. एवढी वर्षं अनुपमा खळं सारवत होती. खळ्याचा फोटो कुणी काढला नव्हता. शेजारच्या सुंदराबाई बघायला आल्या आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाय, पोरगी हुशार हो. कुणावर गेली?"

"आज्यावर," येसाजीराव म्हणाले.

अनुपमाला इतका राग आला होता की तिला हसूच आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. कारण किल्ला खरंच चांगला होता. हेच तर मनाला लागत होतं. वाईट असता तर तिने एका लाथेत पाडला असता.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने विषय काढला. आवाज शक्य तितका खाली ठेवून विचारलं, "मग झोडणी कुठं करायची?"

"अर्ध्या खळ्यात होईल की," यशराज म्हणाला.

"अर्ध्यात खड्डे पाडलेत."

"मग बाजूला दुसरं कर. तुझा हात बसलाय आता. दोन दिवसात करशील." त्याने आमटी वाढून घेतली. "आईकडं काय, दिवाळी झाली की जा."

"दिवाळीत आईला बोलायला वेळ नसतो. आणि नंतर उशिराच्या गरव्या भाताची कापणी. मग मी कधी जायचं?"

सगळ्यांनाच अचानक भूक लागली होती. शेवटी बनुबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "मी काय बोललेले? खळं झालं की जा. आता खळं कुठं झालंय?"

अनुपमाच्या हातातला घास हातातच राहिला. तिला एकेकाचं तोंड दिसत होतं. कुणी वाईट नव्हतं. सासूने कधी उपाशी ठेवलं नव्हतं, नवऱ्याने कधी हात उचलला नव्हता, सासरा नातवंडांवर जीव टाकत होता. त्यांना फक्त एवढंच वाटत होतं, की खळं जसं पाऊस पडतो तसं आपोआप होतं. वर्षातून एकदा अनुपमा नावाच्या कुठल्यातरी वाऱ्याने होतं. ह्यांच्यासमोर रडलं तर 'माहेरची आठवण आली बिचारीला' म्हणतील आणि पुन्हा जेवायला लागतील, म्हणून ती उठली आणि भांडी घासायला बसली. त्या रात्री भांड्यांचा आवाज सुंदराबाईंच्या घरापर्यंत गेला.

सकाळी तिने सगळ्यांना चहा दिला, अंघोळ केली, हिरवा पंजाबी ड्रेस घातला आणि वेणी घातली. मग चोपणं, कुदळ आणि घमेलं आणून ओटीवर नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याला त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती आणि तो मोबाइलवर किल्ल्याला आलेल्या कमेंट वाचत होता.

"हे काय?"

"किल्ला राहू दे. मला पण आवडलाय," अनुपमा म्हणाली. "गोठ्याच्या बाजूची जागा रिकामी हाय. दुसरं खळं करा. बाबा हायत, तुम्ही हायत."

"मला कुठं येतं ते?"

"मला तरी कुठं येत होतं? माझ्या माहेरी भाकऱ्या थापतात, खळी नाय करत. आईंनी शिकवलं. त्या इथंच बसल्यात."

येसाजीरावांनी पेपर खाली घेतला. "बायकांचं काम हाय ते," असं काहीतरी ते म्हणू लागले होते, पण बनुबाईंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं. मग सुनेकडे बघितलं, तिच्या सोललेल्या हातांकडे बघितलं. 'जा' म्हणाल्या नाहीत. 'नको' पण म्हणाल्या नाहीत. मुलाला म्हणाल्या, "आधी चाळायची रे, मग भिजवायची. उठ."

"खळं मी केलं होतं आई," अनुपमा म्हणाली. "ठरल्यासारखं केलं होतं. मोडलं ते मी नाय, राखलं नाय ते पण मी नाय. मी परवा संध्याकाळी येते."

हे सगळं ती एका दमात बोलली. आणि कुणी काही म्हणायच्या आत पिशवी उचलून चालायला लागली. पोरं खळ्यात होती. तोफ कुठे ठेवायची यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर तिथेच राहिली असती.

थांब्यावर एसटी वळणावरून येताना दिसली, तेव्हाच मागून अनवाणी पावलं धावत आल्याचं ऐकू आलं. ईश्वरी होती. केस सुटलेले, नाक वाहतंय.

"आई, मी मोडते!" तिला धाप लागली होती. "महाराजांना देव्हाऱ्यात ठेवते, आणि मग मोडते. मी पण चोपते तुझ्याबरोबर. रायबा पाणी आणेल. तू नको जाऊ."

अनुपमाला वाटलं, हिला आणखी एक धपाटा द्यावा. वाटलं, उचलून घ्यावं आणि घरी जावं. एवढं भांडून मिळवलेले दोन दिवस पोरीने एका दमात नासवून टाकले होते. नवऱ्यावर चिडता येतं, सासूवर चिडता येतं. हिच्यावर काय चिडणार? तिने पिशवी खाली ठेवली, ओढणीने पोरीचं नाक पुसलं.

"मोडायचा नाय," ती म्हणाली. "चांगला केलायस. मी काल मारलं ते चुकलं. आळीव उगवलं की मला फोनवर दाखव."

"मग जाऊ नको."

"जाणार. परवा येणार. तू काही केलंस म्हणून नाय जात मी. मला जायचंय म्हणून जाते."

हे पोरीला कळलं नाही. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आईला कुठेतरी जायचं असतं, ही गोष्टच तिने आजवर ऐकली नव्हती. "केस कोण विंचरणार?" तिने विचारलं.

"बाबा."

"बाबांना येत नाय."

"शिकतील."

बाबा मागून येतच होते, रायबाला काखेत मारून, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला. अनुपमाने पिशवी उचलली. आता हा अडवणार. एसटी थांबली, दार उघडलं. यशराज जवळ आला. त्याने ईश्वरीचा हात धरला, जरा घुटमळला आणि विचारलं, "चाळण कुठली घ्यायची? बारीक की मोठी?"

अनुपमाने त्याच्याकडे बघितलं. दहा वर्षांचा संसार. "दोन्ही घरात हायत," ती म्हणाली, "बघा," आणि गाडीत चढली.

"आईऽ!" रायबाने हाक मारली. गाडी हलली. तिने ओ दिली नाही. खिडकीकडेही बघितलं नाही. पुढच्या सीटच्या दांड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते दुःखाचं होतं की रागाचं, हे शोधायचीही तिला आता इच्छा नव्हती.

कंडक्टर आला. ह्या रस्त्याचा जुना माणूस. त्याने तिला ओळखलं आणि मशीनची बटणं आपणहूनच दाबायला लागला. "पोलादपूरला बदलून माहेरी ना? एक महिला आणि एक हाफ..." मग थांबला. तिच्या मांडीवर बघितलं, बाजूच्या रिकाम्या जागेवर बघितलं, वाकून सीटखालीसुद्धा बघितलं.

"पोरं कुठायत?"

"घरी."

"मग बरोबर कोण?"

"कोणी नाय." तिने ओढणीने तोंड पुसलं. "एक महिला द्या."

"एकच?"

"एकच," अनुपमा म्हणाली. ते इतक्या मोठ्याने निघालं, की पुढच्या सीटवरच्या दोन बायकांनी वळून तिच्याकडे बघितलं.